समुद्रावरचा वारा आणि हायड्रोजनचा हिशेब : बडोद्याच्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्याला हायड्रोजन नवा नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, फर्टिलायझरनगरात अमोनिया बनतो, आणि दोन्हीकडे हायड्रोजन टनांनी लागतो. दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत एखादा काका, मेहुणा, शेजारी यांपैकी कुठेतरी नोकरीला असतोच. त्यामुळे ‘समुद्रात पवनचक्क्या उभ्या करून त्यातून हायड्रोजन काढणार’ अशी बातमी आली की इथले लोक टाळ्या वाजवण्याआधी भाव विचारतात. ही सवय चांगली आहे. खाली असेच प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत. जिथे ‘समजा’ म्हटले आहे तो माझा अंदाज आहे, तिथे आपला आकडा घालून हिशेब पुन्हा मांडावा. डॉलर ८५ रुपये धरला आहे.

समुद्रातल्या वाऱ्यापासून हायड्रोजन म्हणजे नेमके काय करतात?

किनाऱ्यापासून २०-३० किलोमीटरवर, समुद्राच्या तळात पाया रोवून पवनचक्क्या उभ्या करतात. त्यांची वीज इलेक्ट्रोलायझरला देतात. तिथे पाण्याचे विद्युत अपघटन होऊन एकीकडे हायड्रोजन आणि दुसरीकडे ऑक्सिजन निघतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बीकरमध्ये बुडबुडे बघितले होते तेच, फक्त मेगावॉटमध्ये.

यात वीज कोळशाची नसल्यामुळे या हायड्रोजनला ‘हरित’ म्हणतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याची व्याख्याही ठरवून दिली: एक किलो हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघता कामा नये. आज रिफायनऱ्या आणि खत कारखाने नैसर्गिक वायूपासून जो हायड्रोजन काढतात, त्यात किलोमागे ९ ते १० किलो निघतो.

एक किलो हायड्रोजनला वीज किती लागते?

५५ युनिट. या पानावरचा एकच आकडा पाठ करायचा असेल तर हा करा. संपूर्ण संयंत्र धरले तर उत्पादकांचे दावे ५० ते ५५ च्या दरम्यान असतात. कागदावरचा आकडा नको असेल तर मध्य प्रदेशात गुना जिल्ह्यात विजयपूरला गेलचे १० मेगावॉटचे संयंत्र आहे, ते बघा. त्याची क्षमता दिवसाला ४.३ टन सांगितली आहे. १० मेगावॉट २४ तास चालले तर २ लाख ४० हजार युनिट. त्याला ४,३०० ने भागा, ५६ च्या आसपास येते.

आता दुसरी बाजू. त्या एका किलो हायड्रोजनमध्ये वापरण्याजोगी ऊर्जा सुमारे ३३ युनिट असते. म्हणजे ५५ घातले आणि ३३ हाती आले. तो हायड्रोजन जाळून किंवा फ्युएल सेलमधून परत वीज केली तर १५ ते १८ युनिट उरतात. ज्या कामाला वीजच लागते त्या कामासाठी हायड्रोजन बनवणे हा तोट्याचा धंदा आहे, मग वारा जमिनीवरचा असो की समुद्रावरचा.

मग किलोला खर्च किती येतो?

तीन भाग करा: विजेचे बिल, इलेक्ट्रोलायझरचा हप्ता आणि बाकीचे.

विजेचे बिल सोपे आहे. युनिटला अडीच रुपये दर असेल तर किलोमागे १३८ रुपये, पाच रुपये असेल तर २७५, आठ रुपये असेल तर ४४०. कंपनीच्या सादरीकरणात कितीही पाने असोत, हा गुणाकार कोणाला चुकत नाही.

इलेक्ट्रोलायझरचा हप्ता मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. समजा, बसवून चालू करेपर्यंत मेगावॉटला ८ कोटी रुपये लागले आणि व्याज-मुद्दल मिळून दरसाल १२ टक्के, म्हणजे ९६ लाख रुपये द्यायचे आहेत. कर्जावर घेतलेल्या रिक्षासारखे हे यंत्र आहे: स्टेशनवर उभी राहिली तरी हप्ता चालूच. यंत्र वर्षाच्या २५ टक्के वेळ चालले तर ४० हजार किलोच्या आसपास हायड्रोजन निघतो आणि हप्त्याचा वाटा किलोमागे २४१ रुपये पडतो. ४५ टक्के चालले तर १३४. ९० टक्के चालले तर ६७.

बाकीच्यात पाणी, देखभाल, काही वर्षांनी स्टॅक (इलेक्ट्रोलायझरचा गाभा) बदलणे, थोडा दाब देणे हे येते. समजा ३० रुपये.

समुद्रात वारा जास्त वेळ वाहतो. मग हायड्रोजन तिथेच स्वस्त पडायला हवा ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो चुकीचा नाही. सौर प्रकल्प वर्षाच्या २० ते २५ टक्के क्षमतेने चालतो, समुद्रातली पवनचक्की ४० ते ५० टक्के. म्हणून वरच्या हिशेबात समुद्राचा हप्ता १३४ रुपये आणि नुसत्या सौरचा २४१. किलोमागे १०७ रुपयांचा फायदा हा खराच.

पण विजेचा दर त्याच्यावर पाणी फिरवतो. तीन नमुने मांडतो.

समुद्रातला वारा, वीज ८ रुपये, ४५ टक्के वेळ: ४४० अधिक १३४ अधिक ३०, एकूण ६०४ रुपये किलो.

नुसता सौर, वीज अडीच रुपये, २५ टक्के वेळ: १३८ अधिक २४१ अधिक ३०, एकूण ४०९ रुपये.

जमिनीवरचा सौर आणि वारा एकत्र, वीज साडेतीन रुपये, ५० टक्के वेळ: १९३ अधिक १२० अधिक ३०, एकूण ३४३ रुपये.

तिसऱ्या नमुन्यात सगळी गोम आहे. समुद्राचा मोठा गुण म्हणजे जास्त तास. ते तास गुजरातमध्ये जमिनीवरच मिळतात, कारण कच्छ-सौराष्ट्रात दिवसा ऊन आणि संध्याकाळनंतर वारा अशी जोडी जमते. डेन्मार्क-जर्मनीकडे असे ऊन नाही आणि अशी मोकळी जमीनही नाही. त्यांचे गणित इथे उतरवून घेतले की ते चुकते, आणि आपल्याकडच्या बहुतेक उत्साही लेखांत नेमके हेच होते.

समुद्रातल्या विजेला तुम्ही ८ रुपये धरलेत. फार नाही का झाले?

उलट पहिल्या प्रकल्पाला कमीच असेल. ब्रिटनला या कामाचा वीस वर्षांहून जास्त अनुभव आहे. तिथे २०२४ च्या लिलावात नव्या सागरी पवन प्रकल्पांना मिळालेला वरचा दर मेगावॉट-तासाला ५८.८७ पौंड होता, पण २०१२ च्या किमतीत. महागाई धरली की तो ८० पौंडांच्या वर जातो, म्हणजे युनिटला ९ रुपयांच्या आसपास. आणि त्यांच्याकडे बंदरे, जहाजे आणि हात बसलेले कामगार सगळे तयार आहे.

इतकी महाग का? वारा तर फुकट आहे.

वारा फुकट आहे म्हणूनच बाकी सगळे आधी भरावे लागते. कोळशाच्या वीजघरात निम्म्याहून जास्त खर्च नंतर, कोळसा घेता घेता होतो. इथे पाया, खांब, पाती, समुद्राखालची केबल, समुद्रातले उपकेंद्र, विमा असा सगळा पैसा पहिल्या दिवशी ओतायचा आणि पंचवीस वर्षे वसूल करायचा. त्यामुळे व्याजदर दोन टक्क्यांनी वाढला तरी युनिटचा दर चांगलाच उसळतो.

२०२२-२३ मध्ये युरोप-अमेरिकेत हेच झाले. व्याज वाढले, पोलाद महागले. जुलै २०२३ मध्ये स्वीडनच्या वॅटनफॉल कंपनीने ब्रिटनमधला नॉरफोक बोरियासचा प्रकल्प थांबवला, खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे सांगून. त्याच वर्षी ब्रिटनच्या लिलावात सागरी वाऱ्यासाठी एकही बोली आली नाही. नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीने न्यू जर्सीतले दोन मोठे प्रकल्प सोडून दिले. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द डेन्मार्कने ३ हजार मेगावॉटसाठी बोली मागवल्या, त्या दिवशीही पेटी रिकामी निघाली. आणि जगातली पहिली सागरी पवनचक्क्यांची रांग याच देशाने १९९१ मध्ये विंडेबीला उभी केली होती: ११ चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॉट. आता एकेक चक्की १५ मेगावॉटची किंवा त्याहूनही मोठी असते, म्हणजे तशा निदान ३३ चक्क्यांचे काम एकटी करते. तरी ही गत.

शिवाय त्या चक्क्या उभ्या करणारी, पाय खाली सोडून पाण्यावर उचलली जाणारी जहाजे जगात मोजकीच आहेत. ती दिवसाच्या भाड्याने मिळतात, आणि भाडे समुद्र शांत आहे की नाही हे विचारत नाही.

खंभातच्या आखाताचे काय झाले? बातम्या तर कधीपासून येत आहेत.

देशाचे सागरी पवन ऊर्जा धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये आले. २०१७ मध्ये पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटरवर समुद्रात लेझरने वारा मोजणारे लायडार यंत्र बसले. २०१८ मध्ये १ हजार मेगावॉटसाठी इच्छुकांची नावे मागवली, पुष्कळ मोठ्या कंपन्यांनी नावे दिली, पण पुढे काही उभे राहिले नाही. सरकारी अंदाजाने गुजरातच्या समुद्रात ३६ हजार मेगावॉट आणि तामिळनाडूच्या समुद्रात ३५ हजार मेगावॉट क्षमता शक्य आहे. प्रत्यक्षात एकही चक्की अजून पाण्यात नाही.

जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटी रुपयांचा व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे न परवडणाऱ्या प्रकल्पाची तूट भरून काढणारे अनुदान, मंजूर केला. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांसाठी आणि ६,८५३ कोटी १ हजार मेगावॉटसाठी, ५०० गुजरातला आणि ५०० तामिळनाडूला. भागाकार करून बघा: मेगावॉटला जवळजवळ ६ कोटी ८५ लाख नुसते अनुदान. कच्छमध्ये जमिनीवरची पवनचक्की अख्खी उभी करायला मेगावॉटला साधारण ७-८ कोटी लागतात. म्हणजे समुद्रातल्या चक्कीच्या केवळ अनुदानात जमिनीवर जवळपास एक चक्की बसते. गुजरातच्या ५०० मेगावॉटची निविदा २०२४ मध्ये निघाली आणि २०२५ मध्ये रद्द झाली. अनुदान धरूनही वीज कोण, किती दराने घेणार हा पेच सुटला नव्हता, आणि त्यात मला आश्चर्य वाटण्यासारखे काही दिसत नाही.

वाऱ्याचीही एक अडचण आहे. पिपावावसमोर मोजलेला सरासरी वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास आला. तामिळनाडूच्या दक्षिण टोकाला तो ९ मीटरच्या वर असतो. फरक दीड मीटरचा दिसतो, पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. साडेसाताचे नऊ झाले की शक्ती पाऊणपट वाढते. चक्कीची कमाल मर्यादा असल्यामुळे वीज तितकी वाढत नाही, तरी दर ठरायला तेवढे पुरते.

पावसाळ्यात तर आखातावर भन्नाट वारा असतो. तेव्हा काय होते?

तेव्हाच सर्वांत जास्त वीज निघते आणि तेव्हाच समुद्रात कोणाला जाता येत नाही. जून ते ऑगस्ट हा गुजरातच्या वाऱ्याचा हंगाम, आणि त्याच काळात मासेमारीसुद्धा बंद असते. चक्की जूनच्या शेवटी बिघडली तर दुरुस्तीचे जहाज लाटा उतरेपर्यंत बंदरात. उत्तर समुद्रातही हिवाळ्यात हीच कटकट असते, पण तिथे वारा वर्षभर जास्त पसरलेला आहे. आपल्याकडे वर्षाची कमाई थोड्या महिन्यांत गोळा होते आणि नेमके तेच महिने धोक्याचे.

भरतीची गोष्ट बडोदेकरांना सांगायला नको. कावी-कंबोईचा स्तंभेश्वर महादेव भरतीत पाण्याखाली जातो ते बघायला आपण गाड्या काढून जातो. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. आखाताच्या आत गाळ आणि ओढ इतकी की पाया रोवणे अवघड, म्हणून प्रकल्पांची जागा आखाताच्या तोंडाशी, पिपावावच्या बाजूला धरली आहे. तिथे चक्रीवादळाचा हिशेब धरावा लागतो. १७ मे २०२१ ला तौक्ते ऊना-दीवच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले, ते याच भागाच्या शेजारी. युरोपसाठी आखलेली चक्की जशीच्या तशी इथे चालत नाही. जास्त पोलाद, जास्त विमा.

हायड्रोजन समुद्रातच बनवून नळाने आणला तर? केबलचा खर्च वाचेल.

दूरच्या अंतरावर हा विचार शहाणपणाचा आहे. समुद्राखालच्या एसी केबलला लांबीबरोबर स्वतःचाच विद्युतभार पोसावा लागतो. ८०-१०० किलोमीटरच्या पुढे ती परवडेनाशी होते आणि डीसी करायची तर दोन्ही टोकांना महागडी रूपांतरण केंद्रे लागतात. त्याऐवजी एका नळातून काही हजार मेगावॉटच्या तोडीचा हायड्रोजन जातो, आणि नळ स्वतःच थोडीफार साठवणही करतो. म्हणून उत्तर समुद्रात, जिथे पुढच्या जागा किनाऱ्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर आत आहेत, तिथे हा विचार जोरात आहे. फ्रान्समध्ये लाइफ कंपनीने २०२३ मध्ये ल क्रोआझिकच्या किनाऱ्यापासून २० किलोमीटरवर तरंगत्या फलाटावर १ मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर चालवून समुद्रातच हायड्रोजन काढून दाखवला. नेदरलँड्समध्ये समुद्रातल्या तेल-फलाटावर तेवढाच इलेक्ट्रोलायझर बसवण्याचा पोझायडन प्रकल्प हाती घेतला गेला.

पण पिपावावपासून २५-३० किलोमीटर म्हणजे साध्या एसी केबलचे अंतर. तिथे खाऱ्या हवेत, हलत्या फलाटावर नाजूक यंत्र ठेवून, बिघडले की जहाजाची वाट बघण्यात अर्थ नाही. वीज किनाऱ्यावर आणा आणि काय करायचे ते जमिनीवर करा. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बसीनच्या क्षेत्रातला वायू जसा समुद्राखालच्या नळाने हजिऱ्याला येतो तसाच हायड्रोजनही आणू असे कोणी म्हणाले, तर त्याला पोलादाचा दर्जा विचारा. हायड्रोजनचा अणू पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. प्रत्येक जुनी पाइपलाइन त्याला चालतेच असे नाही.

पाण्याचे काय? मही नदीचे पाणी पळवतील का?

नाही. रासायनिक हिशेबाने किलोला ९ लिटर, शुद्धीकरण आणि थंड करणे धरून समजा २० लिटर. समुद्राचे पाणी गोडे करायला घनमीटरला ३ ते ४ युनिट वीज पुरते. म्हणजे एका किलो हायड्रोजनच्या पाण्याला ०.०८ युनिट, ५५ च्या पुढे नगण्य. गोडे केल्यावर उरलेले जास्त खारे पाणी कुठे सोडायचे, एवढाच प्रश्न किनाऱ्यावरच्या मच्छिमारांनी जरूर विचारावा.

१ हजार मेगावॉटमधून किती हायड्रोजन निघेल?

सरकारच्या अंदाजाने त्या १ हजार मेगावॉटमधून वर्षाला ३७२ कोटी युनिट वीज मिळेल. सगळीच्या सगळी इलेक्ट्रोलायझरला दिली तर ६७ हजार टनांच्या आसपास हायड्रोजन. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे, म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झालेल्या योजनेचे, २०३० चे लक्ष्य वर्षाला ५० लाख टन आहे. त्याच्या दीड टक्काही नाही.

कोयलीला किंवा फर्टिलायझरनगरला हा हायड्रोजन परवडेल का?

कोणाशी तुलना करायची ते आधी ठरवू. वायूपासून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ०.१६ एमएमबीटीयू (वायू ज्या मापाने विकतात ते माप) वायू लागतो. वायू एमएमबीटीयूला १० डॉलरने पडत असेल तर नुसत्या वायूचे १३६ रुपये, संयंत्राचा खर्च धरून समजा १७० रुपये.

आता समुद्राच्या हायड्रोजनने या १७० शी बरोबरी करायची म्हटली तर त्यातून हप्त्याचे १३४ आणि बाकीचे ३० वजा करा. विजेला उरले ६ रुपये, भागिले ५५. समुद्रातली वीज ११ पैशांना मिळायला हवी.

म्हणून खरी स्पर्धा वायूच्या हायड्रोजनशी नाही, जमिनीवरच्या हरित हायड्रोजनशी आहे. इंडियन ऑइलने पानिपत रिफायनरीसाठी वर्षाला १० हजार टन हरित हायड्रोजनचा करार एल अँड टीच्या कंपनीला दिला, तो जीएसटी सोडून किलोला ३९७ रुपयांनी. वरच्या आमच्या ३४३ आणि ४०९ च्या दरम्यान हा भाव येतो, म्हणजे हिशेब फार चुकलेला नाही. या भावाला गाठायचे तर समुद्रातल्या विजेचा दर सव्वाचार रुपये असायला हवा. ब्रिटनच्या निम्म्याहून कमी.

खताचे गणित जास्त बोलके आहे. एक टन अमोनियात १७८ किलो हायड्रोजन जातो. २०२५ मध्ये सेकी या केंद्र सरकारच्या सौर ऊर्जा कंपनीच्या हरित अमोनियाच्या पहिल्या लिलावात ओडिशातल्या पारादीपसाठी ॲक्मे कंपनीने ५५.७५ रुपये किलोचा भाव दिला. सगळा पैसा हायड्रोजनचाच धरला तरी तो किलोला ३१३ रुपयांच्या वर जात नाही, आणि त्यातच नायट्रोजन आणि अमोनियाचे संयंत्रही बसवायचे. सरकारी प्रोत्साहन वेगळे मिळते, तरी ६०४ रुपयांचा हायड्रोजन त्या दारातून आत येत नाही.

आणखी एक गोष्ट फर्टिलायझरनगरात काम केलेला कोणीही सांगेल: अमोनियाचे संयंत्र दीडशे-दोनशे बार दाबावर चालते आणि त्याला एकसारखा पुरवठा लागतो. आज भरपूर, उद्या थोडा, असे त्याला चालत नाही. पावसाळी वाऱ्याच्या हायड्रोजनला म्हणूनच मोठी साठवण हवी.

साठवण कुठे करणार?

महागात. ब्रिटनमध्ये टीसाइडला आणि अमेरिकेत टेक्ससला जमिनीखालच्या मिठाच्या थरांत पोकळ्या करून हायड्रोजन साठवतात, तो प्रकार स्वस्त. टाक्यांत दाबून ठेवणे खर्चिक. द्रव करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत नेऊन किलोमागे आणखी १०-१२ युनिट जाळावे लागतात. त्यापेक्षा अमोनिया करून ठेवणे बरे, त्याच्या टाक्या आपल्या बंदरांत आहेतच.

मग ती वीज सरळ ग्रिडला का देऊ नये?

द्यावी. माझे मत विचाराल तर या पानावरचे सगळ्यांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे.

५५ युनिट घ्या. त्यातून एक किलो हायड्रोजन करून वायूच्या हायड्रोजनची जागा घेतली तर सुमारे १० किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. तीच ५५ युनिट ग्रिडला दिली तर? देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ३८-३९ किलो वाचतात, जवळजवळ चौपट. कोळसा जोपर्यंत आपल्या विजेचा कणा आहे, तोपर्यंत हरित वीज हायड्रोजनमध्ये घालवणे पर्यावरणाच्या हिशेबानेही कमी फायद्याचे आहे. आणि समुद्रातली वीज संध्याकाळी, रात्री आणि पावसाळ्यात येते, म्हणजे सौर झोपलेला असतो तेव्हा. ग्रिडला तिची किंमत त्याच वेळी जास्त. जी वीज ग्रिडला आठ रुपयांनाही कदाचित उपयोगी पडेल, ती घेऊन इलेक्ट्रोलायझरने सव्वाचार रुपयांची बनवायची, याला व्यवहार म्हणत नाहीत.

हायड्रोजनला स्वतःचे काम आहे, नाही असे नाही. खत, रिफायनरी, पुढे पोलाद. तिथे विजेने काम भागत नाही. पण तो कच्छच्या जमिनीवरून येऊ द्या.

पुढे खर्च उतरेल का?

इलेक्ट्रोलायझरचा उतरेल. चिनी बनावटीचे अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर युरोपीय यंत्रांपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात, आणि हजिऱ्याला एल अँड टीही आता इलेक्ट्रोलायझर बनवते. मेगावॉटचा खर्च ८ वरून ४ कोटींवर आला तर समुद्राचा हप्ता १३४ वरून ६७ वर येतो. पण मजा अशी की तेव्हा नुसत्या सौरचा हप्ताही २४१ वरून १२० वर येतो. यंत्र स्वस्त झाले की जास्त तासांचे मोल कमी होते. म्हणजे इलेक्ट्रोलायझरची स्वस्ताई समुद्रापेक्षा सौरला जास्त मदत करते: फरक १०७ रुपयांचा होता, तो ५३-५४ वर आला. बातम्यांत हे कोणी लिहीत नाही.

समुद्राला खरी मदत स्वस्त कर्ज, जवळचे तयार बंदर आणि एकामागून एक प्रकल्पांची खात्री यांनी होईल. एकुलत्या एका प्रकल्पासाठी कोणी जहाज आणून ठेवणार नाही.

काका, माझी मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत केमिकल करते आहे. तिने या क्षेत्रात पडावे का?

ताई, जरूर पडू द्या, पण ‘समुद्री हायड्रोजन’ नावाच्या फलकाखाली नको. विद्युत-रसायन, गंज आणि पोलाद, उच्च दाबाची सुरक्षितता, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स यांतले काही पक्के शिकू द्या. तो हायड्रोजन कुठून येतो यावर तिची नोकरी अवलंबून राहणार नाही. बडोद्यातल्याच एल अँड टी नॉलेज सिटीत रिफायनऱ्या आणि खतांच्या संयंत्रांचे आराखडे बनतात, हजिरा इथून फार लांब नाही. गुजराती तिला येतच असेल, साइटवर त्याचा उपयोग डिग्रीइतकाच होतो.

हायड्रोजनची गाडी घ्यावी का?

नको. ५५ युनिट बॅटरीच्या गाडीत थेट भरले तर दुप्पट-तिप्पट अंतर जाते.

आणि या कंपन्यांचे शेअर?

सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. कंपनीची घोषणा वाचताना मी मेगावॉट आणि टन वगळून एकच ओळ शोधतो: माल कोण घेणार, किती वर्षे आणि कोणत्या भावाने. ऑर्स्टेडने स्वीडनमध्ये वर्षाला ५० हजार टन हरित मिथेनॉलच्या फ्लॅगशिपवन प्रकल्पाचे बांधकाम सुरूसुद्धा केले होते. परवडणाऱ्या भावाला दीर्घ मुदतीचे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी ते थांबवले.